पयला शब्द

"भोजूभाऊ, मंडईच्या जत्रेतल्या नाटकाले येता ना जी?" खाटेशी टेकत श्यामलालनं विचारलं. तो भोजराजच्या नाटक कंपनीतला जुना नट.

भोजराजनं तोंड उघडलं. "मी... मी..."

"नाई जमत आता त्याइले," त्याची बायको सुमनबाई घाईनं बोलली. "डोस्कं गजब दुखते."

भोजराजनं डाव्या हातानं चहाचा पेला भिरकावला.

चूक बाईची कुठली, मायेची! मेंदूतली गाठ काढली, ती पुन्हा झपाट्यानं वाढली. नागपूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता घरी न्या, मनासारखं जगू द्या. उजवा हात लुळा, शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरायचे. नवऱ्याची तगमग बघवेना, म्हणून सुमनबाई पेज भरवावी तशी त्याची वाक्यंही पुरी करायची.

आणि माणूस कोण? कामठ्याचा भोजराज, नाटकाचा प्रॉम्प्टर! जन्मभर विंगेत बसून यानं भल्याभल्या राजांना बोलतं केलं. खेळाआधीचं त्याचं वाक्य ठरलेलं, "पडदा उघडा, लोक वाट पाहून राहिले." आणि नव्या पोरांना एकच धडा, "पयला शब्द द्यावा अन् थांबावं. पुरं वाक्य देल्लं, त नट मेला."

"पयला... सुमन... पयला..." तो कळवळून म्हणाला.

अगं बाई! आपण पुरं वाक्यच देत आलो, हे सुमनबाईला उमगलं. त्या दिवसापासून ती पहिला शब्द देऊन गप्प बसू लागली. भात निवायचा, आमटी निवायची, पण तो स्वतः बोलायचा. शिव्याही स्वतःच द्यायचा, आणि तिला हसू यायचं.

मंडईच्या सांजेला रंगमंचावर त्याला शाल-नारळ दिलं. श्यामलाल त्याच्या वतीनं बोलायला माईककडे वळला, तशी भोजराजनं त्याची बाही धरली.

"मं... मंडळी..."

पुढे काही येईना. हातात जिलेबीचे पुडे घेतलेली माणसं माना उंचावून पाहू लागली. "राहू द्या जी, भाऊ!" कोणीतरी कळवळून ओरडलं. श्यामलालनं विंगेकडे पाहिलं. तिथे सुमनबाई उभी होती. तिनं मानेनंच त्याला थांबवलं.

"पडदा..." ती हळूच म्हणाली आणि थांबली. पदराचं टोक तिनं दातांत घट्ट धरलं होतं.

भोजराजनं तिच्याकडे बघितलंही नाही. नट कधी बघतो का?

"पडदा... उघडा," तो म्हणाला. "लोक... वाट... पाहून राहिले."

मांडव टाळ्यांनी दणाणला. श्यामलाल डोळे पुसत होता.

सुमनबाईनं मात्र टाळी वाजवली नाही. विंगेतला माणूस टाळी वाजवत नसतो.