आत्याने भरलेला ट्रेलर

आत्या माझ्याकडे राहायला तयार झाली ती एका अटीवर. वाटेत तिने घडवलेलं एक जरी मातीचं भांडं फुटलं, तरी गाडी वळवायची आणि तिला तिच्या भट्टीपाशी परत सोडायचं. भट्टी थंड होऊन वर्ष झालं होतं, चक्कर येऊन ती दोनदा एकटी असताना पडली होती. माझी रात्रीची झोप उडाली होती. पण अट ती अट. आत्या नाकावर माशी बसू देत नाही.

ट्रेलर भाड्याने देणाऱ्याने मला बजावलं होतं, "जड माल पुढे, गाडीच्या बाजूला ठेवा. मागे वजन झालं की ट्रेलर शेपूट हलवतो. तसं झालंच तर ब्रेक मारू नका, नुसता पाय उचला." आत्याने मात्र चाळीस वर्षं भट्टी भरली तसाच ट्रेलर भरला. नाजूक वाट्या आत खोल, आणि आगीचा पहिला तडाखा सोसणारे मोठाले रांजण पार तोंडाशी, म्हणजे ट्रेलरच्या मागच्या टोकाला. मला दिसत होतं. पण तिला शिकवायची माझी काय बिशाद? मी मुकाट्याने दोर आवळले, साखळी अडकवली, मागचे दिवे तपासले.

सकाळचं दाट धुकं होतं. झाडं, कुंपणं, एखादं घर पाण्यावर तरंगत यावं तसं यायचं आणि विरून जायचं. आत्या बोलता बोलता पेंगली. उतार लागला आणि गाडी हळूच डुलायला लागली. खरं सांगते, मला ते आवडलं. लहानपणी आत्याच्या चाकाशेजारी पोत्यावर झोपायचे, चाकाची घरघर ऐकत. क्षणभर वाटलं, मी अजून तिथेच आहे आणि कुणालाच कुठे जायचं नाहीये.

मग आरशात ट्रेलर एकदा डावीकडे दिसला, एकदा उजवीकडे. पाय ब्रेकवर जायला निघाला होता, तो मी आवरला. स्टिअरिंग सरळ धरून नुसती बसून राहिले. इतका वेळ काहीच न करणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. हळूहळू वेग उतरला, डुलणं थांबलं आणि मी गाडी कडेला घेतली.

"काय झालं गं?" आत्याने विचारलं.

"ट्रेलर चुकीचा भरलाय, आत्या. मला माहीत होतं, पण तुला सांगायची भीती वाटली."

"भट्टीत बरोबर असतं ते," ती म्हणाली. मग खाली उतरली. "चल, सांग कसं भरायचं."

आम्ही सगळा माल गवतावर उतरवला. रांजण पुढे गेले. वाट्या ठेवताना एका कापडी पुरचुंडीतून खळखळ आवाज आला. मी ती सोडली. निळ्या वाटीचे तीन तुकडे झाले होते.

मी वर बघितलंच नाही. आता ती गाडी वळव म्हणणार.

"ती आधीचीच फुटकी होती," आत्या म्हणाली.

ती वाटी सकाळी तिनेच बोटाने वाजवून, कानाशी धरून माझ्या हातात दिली होती.

"हो," मी म्हणाले. माझे डोळे भरून आले.

"मग रडतेस काय? गाडीत बस. आणि सावकाश ने."