दोन तोंडांची डबी

मित्रांनो, मी एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची डबी आहे. मला दोन तोंडे आहेत. एका तोंडात तंबाखू राहायची, दुसऱ्यात चुना. कुर्ल्याच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला आणि मिलमध्ये कामाला असलेल्या काशीरामने मला विकत घेतले. मिल बंद पडली, काशीराम मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन झाला, तरी त्याच्या शर्टाचा खिसा मला सुटला नाही.

काय दिवस होते ते. काशीराम नखाने चुना काढायचा, तळहातावर तंबाखू मळायचा, वरून दोन थापट्या मारायचा. कोणीही हात पुढे केला की मी उघडत असे. मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही, हा आमचा रिवाज होता. सगळे म्हणत, "काशीरामची डबी म्हणजे धर्मशाळा."

पुढे काशीरामचे तोंड आखडू लागले. वडा तोंडात जाईना, तो कुस्करून खाऊ लागला. दवाखान्यातल्या मृणालिनी डॉक्टरांनी त्याला तोंडात तीन बोटे आडवी घालायला सांगितली. दोनच गेली.

"तंबाखू आज थांबली नाही, तर उद्या एकच जाईल," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी त्याच्या बायकोने, सुगंधावहिनींनी, मला राखेने घासले आणि तांदळाच्या डब्यात पुरले. तंबाखूचा वास मात्र माझ्या सांध्यांत राहिला. त्या वासासाठी मी झुरत होते आणि बाहेर काशीराम झुरत होता. त्याचा हात रिकाम्या खिशात जायचा. तो पोस्टमनवर खेकसायचा, जेवण टाकून उठायचा.

"सगळ्यात जास्त कशाची आठवण येते?" डॉक्टरांनी विचारले.

"डबीची," काशीराम म्हणाला.

"मग डबी परत खिशात ठेवा. आत औषध ठेवू."

अशी मी तांदळातून बाहेर आले. माझ्या पोटात आता तंबाखू सोडवणाऱ्या निकोटिनच्या च्युइंगमच्या गोळ्या होत्या, पाकिटे कापून ठेवलेल्या. पहिलीच गोळी काशीरामने तळहातावर घेतली आणि अंगठ्याने मळायला लागला. वर थापटीही मारली.

"अहो, गोळी मळताय की काय?" सुगंधावहिनी हसत सुटल्या.

मग त्याने ती कचाकचा चावली आणि उचक्या लागल्या. डॉक्टरांनी पुन्हा समजावले, "हळू चावा. झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवा."

"म्हणजे तंबाखूसारखीच?"

"तशीच. फक्त थुंकायचे नाही."

खरी परीक्षा गेटवर झाली. दुसऱ्या पाळीचा वॉचमन शिवदास मळलेली तंबाखू घेऊन आला आणि त्याने तळहात पुढे केला. तो परतवणे म्हणजे मैत्री परतवणे. काशीरामची दोन बोटे चिमटीसाठी पुढे गेली. मला तो वास आला. खोटे कशाला सांगू, मलाही तो हवा होता. पण बोटे मागे फिरली आणि त्यांनी मला उघडले.

"काय रे, पोरांसारखा गोळ्या खातोस?" शिवदास म्हणाला. "बरं, मला पण दे एक."

"नाही देणार. औषध आहे. पाहिजे तर दवाखान्यात चल, तुझी तू घे."

माझ्याकडे मागितलेले पहिल्यांदाच कोणाला मिळाले नाही. शिवदास तोंड वाकडे करून गेला. अजून तो आमच्याशी मोजकेच बोलतो.

महिने गेले तसे डॉक्टरांनी गोळ्या कमी करत आणल्या. मग त्या संपल्या. मी रिकामी झाले, तरी खिशात होते. काशीरामचा हात यायचा, मला नुसता चाचपून जायचा. मला तेवढे पुरत होते.

परवा तो मला खिडकीत विसरून कामावर गेला. दिवसभर मी जिन्याकडे कान लावून होते. डबी राहिली म्हणून तो अर्ध्या वाटेतून तरी परत येईल, असे वाटत होते. तो संध्याकाळीच आला.

"डबी घरीच होती हो," सुगंधावहिनी म्हणाल्या.

"हो? खिशात नव्हती का?" काशीराम म्हणाला आणि वडा खायला बसला. तोंड अजून पूर्ण उघडत नाही. पण वडा त्याने कुस्करला नाही, दातांनी तोडला.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी असे काही सोडत असेल, तर त्याला टोमणे मारू नका. त्याच्या हाताला काहीतरी धरायला द्या. मी अजून खिडकीत आहे. त्याच्या हाताची वाट बघते, आणि तो आला नाही की बरे वाटते.