घोडीच्या आधी माझा हात

आमचे हे खोगिरं शिवतात. दुकान पुढे, घर मागे, मधलं दार कधी लागत नाही. दोरा ओढून ओढून ह्यांच्या हातांना असे घट्टे पडलेत, की मऊ काय नि खरखरीत काय, त्यांना कळतच नाही. म्हणून लग्न झाल्यापासून आमच्या घरची रीत अशी, की घोड्याच्या अंगाला लागणारी कुठलीही गादी आधी माझ्या हाताला लागायची. हे दुकानातून हाक मारायचे, "हात दे गं." हातातलं काम टाकून मी जायची. कोपराच्या आतली कातडी सगळ्यात नाजूक, तिथे हे तुकडा घासायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी भुवई हलवली की तुकडा बाद. बोलायला हा माणूस म्हणजे दगड. कौतुक नाही, लाडीगोडी नाही. पण तेवढं ते बघणं होतं, आणि मला ते पुरत होतं.

मग ती घोडी आली. आली स्वारी शिकवायच्या शाळेत, पण ठाण मांडून बसली आमच्या घरात. दिसायला देखणी आणि अंगाची भारी नाजूक. पाठीवर खोगीर ठेवलं तर हूं की चूं नाही, पण तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळायचा पट्टा, जरा ओढला की कान मागे टाकायची, पोट फुगवायची आणि ओढणाऱ्याचा दंड दातात धरायची. तंगाला आतून गादी लावून द्या, असं शाळेनं ह्यांना सांगितलं. पहिली गादी लोकरीची झाली. माझ्या हातावर घासली, मी म्हटलं लोणी आहे नुसतं, आणि हे घेऊन गेले. त्यानंतर ह्यांनी मला हाक मारायचीच सोडली.

टेबलावर नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, सुताचे, फोमचे तुकडे दिसायचे. ते पिशवीत जायचे, पिशवी शाळेत जायची. विचारलं तर म्हणाले, तिथेच बघतो लावून. घोडं कुठे पेंड खातंय ते मला नणंदेनं सांगितलं. तिचं घर शाळेसमोर आणि डोळे कायम खिडकीत. चहा पिता पिता ती म्हणाली, की दादा हल्ली मास्तरीणबाईंच्या हातावर काहीतरी घासत बसतो. बाई बाही वर करून उभ्या असतात आणि दादा त्यांच्या तोंडाकडे बघत असतो.

मास्तरीणबाई म्हणजे तिथे स्वारी शिकवणारी. माझ्याहून लहान, पाठ ताठ, कातडी दुधासारखी. ह्यांना काका म्हणते. म्हणेना का! हात धरला असता तर मी एक वेळ सोडून दिलं असतं, हात काय, वैद्यही धरतो. पण तोंडाकडे बघतात? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी मी ह्यांना बिनसाखरेचा चहा दिला, तो ह्यांनी मुकाट्याने संपवला, त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी हे चामड्याला भोकं पाडायची आपली आरी विसरून गेले. विसरले म्हणजे, मीच ती पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. आरीशिवाय ह्यांचं पान हलत नाही, तेव्हा ती पोचवायला मी निघाले.

तबेल्यात पोचले तर नणंदेनं एक शब्द वाढवून सांगितला नव्हता. बाईंची बाही वर, ह्यांच्या हातात पांढऱ्या नमद्याची गादी, आणि हे बघतायत. मी आरी खुंटीवर अडकवली, माझी बाही वर केली आणि मधे जाऊन उभी राहिले. म्हटलं, हे काम माझं आहे. ह्यांच्या हातातली गादी ओढून घेतली आणि माझ्या हातावर घासली. मऊ! कुठे काही लागत नव्हतं. म्हटलं, लावा, अगदी झकास आहे. बाई काहीतरी बोलणार होत्या, ह्यांनी मानेनंच त्यांना नको म्हटलं. हे मला राहू दे राहू दे म्हणत राहिले, पण मी हट्टालाच पेटले. शेवटी ह्यांनी गादी तंगाला बसवली आणि पट्टा ओढला. घोडी थरथरली, मागचा पाय आपटला आणि ह्यांच्या दंडाचा असा चावा घेतला की सदरा टरकला.

बाईंनी गादी काढून बोटं फिरवली. "इथे गाठ आहे, काकू," म्हणाल्या, आवाज अगदी हळू. मी तीच जागा हातावर पुन्हा दाबली. दाबून दाबून वळ उठला. मला काहीही कळलं नाही.

आरी आणि गादी घेऊन आम्ही घरी आलो. दुकानात पाय ठेवल्यावर मी विचारलं, की पहिल्या गादीचं काय झालं होतं. हे दंड चोळत उभे. मग खालमानेनं बोलले. माझ्या लोण्यासारख्या गादीत टाक्याची गाठ राहिली होती. घोडीला फोड आले होते. शाळेत ह्यांनी चूक आपली म्हणून सांगितली होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? इतकी वर्षं दोऱ्यांना गरम मेण तूच लावतेस, पार कोपरापर्यंत उडतं ते. हात भाजून भाजून गेला तो माझ्याच दुकानात."

मला रडूच आलं, आणि रडतानाही बाईंची ती बाही डोळ्यांपुढून हलेना. तीच गादी मी उचलून ह्यांच्या हातात दिली.

"हात गेला असेल," मी म्हटलं. "गाल आहे ना अजून?"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भलतंच काही मागितलंय. इतक्या वर्षांत ह्यांचा हात माझ्या गालाला कधी लागला नव्हता. मग मला आत नेऊन ह्यांनी मधलं दार लावलं, सदऱ्याला हात पुसले आणि गादी माझ्या गालावरून फिरवली. गाठ मला लगेच लागली. मी भुवई हलवली. ह्यांनी ती आरीनं काढली, पुन्हा फिरवली. मग पिशवीतले बाकीचे तुकडेही काढले. शेवटी जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या सुताची गादी ठरली. ती आधीच ठरली असती, पण मी पुन्हा एकदा बघा म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. तंग आवळला तरी घोडी गवत खात उभी. बाईंना नवल वाटलं. त्यांनी विचारलं, "काका, ही कुणाच्या हातावर पाहिलीत?"

"हातावर नाही," हे म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. काय करावं सुचेना म्हणून घट्ट बसलेला तंग पुन्हा चाचपायला लागले.

 बाईंनी बाही खाली केली होती, मनगटावर बटणही लावलं होतं. मी ते बटण नीट बघून घेतलं.