सासरे, पुरवणीसह

लिफ्टनिरीक्षकाच्या डोळ्यांत पाणी आलेले त्याच्या सासऱ्यांनी बारा वर्षांत एकदाही पाहिले नव्हते. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा तो दवाखान्याचे कागद गोळा करत, नातेवाइकांना फोन करत, येणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडत कोरड्या डोळ्यांनी वावरत होता. सासऱ्यांचे, म्हणजे अण्णांचे, जावयाविषयीचे मत त्या दिवशी पक्के झाले. माणूस सज्जन, पण निव्वळ लाकूड.

अण्णांचे आयुष्य पुस्तके बांधण्यात गेले होते. फाटक्या शब्दकोशांना पुठ्ठा चढवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली एकाएकी फार उंचावर गेली, कारण त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. लेकीने आग्रह धरला तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. महिनाभर राहून पाहीन, रुळलो तर खोली सोडीन, नाहीतर परत जाईन. आणि पुरवणी बरोबर येईल.

पुरवणी ही त्यांची मांजर. मूळ संसार आटोपल्यावर आयुष्याला मागून जोडली गेली, म्हणून हे नाव.

ते आले त्या दिवशी निरीक्षकाने मांजराची टोपली स्वतः उचलली आणि छातीशी धरून लिफ्टमध्ये पाऊल टाकले. पाचव्या मजल्यावर दार उघडले तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते आणि गालांवरून पाणी ओघळत होते. अण्णा काठीवर रेलून बघतच राहिले.

“अहो जावईबापू, हे काय?”

“काही नाही, अण्णा,” निरीक्षक कसाबसा म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. “तुम्ही आधी आत या.”

अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग आत पाऊल टाकले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बहिणीला फोन लावला. “अगं, आपण माणूस ओळखलाच नाही. मी नुसता समोर बसलो तरी त्याला भरून येतं.”

“कोणाला? त्या ओंडक्याला?” पलीकडून बहीण म्हणाली. “डोळे तपासून घे तुझे.”

रोज संध्याकाळी चहा झाल्यावर अण्णा पुरवणीला मांडीवर घेऊन जावयाशेजारी बसू लागले. ते जुन्या गोष्टी सांगत आणि जावई रुमाल काढी. त्याने रुमाल काढला की अण्णांना आणखी सांगावेसे वाटे. लग्नाच्या आठवड्यात तंद्रीत एक अख्खे पुस्तक आपण उलटे बांधले होते, हे गुपित त्यांनी लेकीलाही सांगितले नव्हते. ते जावयाला कळले. श्वास घेण्याची पंचाईत होत असूनही निरीक्षकाला त्या संध्याकाळी आवडू लागल्या होत्या.

सहाव्या दिवशी मात्र तो डॉक्टरांकडे गेला.

“घरात नवीन काही आलं आहे का?” डॉक्टरांनी विचारले.

“सासरे आले आहेत.”

“सासऱ्यांची ॲलर्जी अजून शास्त्रात नोंदलेली नाही. आणखी?”

“मांजर.”

डॉक्टरांनी गोळ्यांचे नाव लिहायला घेतले. गोळीने झोप येईल हे ऐकताच निरीक्षकाने मान हलवली. तो दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरे, दोरखंड तपासे, चालत्या यंत्राशेजारी उभा राही. तिथे पेंगून चालणार नव्हते.

“मग मांजर दुसरीकडे ठेवा. सगळ्यात सोपं.”

“ती गेली की सासरेही जातील. त्यांच्याकडे तीन जिने आहेत, डॉक्टर.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिले आणि नाकात मारायचा फवारा लिहून दिला. रोज न चुकता घ्या, गुण यायला वेळ लागेल, मांजराचे केस रोज विंचरा, झोपायच्या खोलीत तिला येऊ देऊ नका, अशा सूचनाही दिल्या.

“अण्णांना सांगून टाकूया,” घरी आल्यावर बायको म्हणाली.

“सांगितलं तर दुपारच्या आत सामान बांधतील. तुझे वडील आहेत, तुला माहीत.”

हे खरे होते. पण त्याच्या गप्प राहण्याला आणखीही एक कारण होते. अण्णांनी त्याचे अश्रू इतके मनापासून स्वीकारले होते, की ते परत मागण्याचा त्याला धीर होत नव्हता.

मग एखाद्या जुन्या लिफ्टची देखभाल हाती घ्यावी तशी त्याने पुरवणीची देखभाल हाती घेतली. सकाळी अण्णा फिरायला गेले की तो तोंडाला मास्क बांधून, हातमोजे चढवून तिला गॅलरीत नेई आणि ब्रशने विंचरी. दिवाणखान्यातला गालिचा गुंडाळला गेला, पडदे दर रविवारी धुतले जाऊ लागले, झोपायच्या खोलीचे दार बंद राहू लागले. अण्णांच्या मुक्कामाचा तिसरा आठवडा संपता संपता त्याचे डोळे स्वच्छ झाले. त्याला फार समाधान वाटले.

ते डोळे अण्णांनीही पाहिले.

एका संध्याकाळी त्यांनी आजवर कोणालाच न सांगितलेली आठवण सांगितली. शेवटच्या दिवशी दवाखान्यात पत्नीने त्यांना जवळ बोलावले होते आणि काही न बोलता त्यांच्या शर्टाची मुडपलेली कॉलर सरळ केली होती. जावई म्हणाला, “त्या दवाखान्याची मागची लिफ्ट तेव्हा बंद होती ना?”

अण्णा उठून आपल्या खोलीत गेले.

रविवारी सकाळी लेक पडदे भिजवत असताना त्यांनी बॅग बाहेर आणून ठेवली. शेजारी टोपली होती.

“हे काय, अण्णा?” निरीक्षकाने विचारले.

“महिना झाला. बोललो होतो तसं निघतो.”

“अजून सहा दिवस आहेत.”

“मोजताय ना? तेच म्हणतोय मी!” अण्णा काठी आपटत म्हणाले. “आलो तेव्हा आम्हाला बघून डोळे वाहत होते तुमचे. आता गालिचा उचलता, माझ्या मांजराच्या तोंडावर दार लावता, आणि मी जीव ओतून बोललो तर लिफ्टची चौकशी करता. नकोसं झालेलं कळतं हो माणसाला.”

न्हाणीघरातून लेकीचा आवाज आला. “आता तू बोलतोस की मी बोलू?”

निरीक्षक सरळ उभा राहिला. अहवाल वाचून दाखवताना तो असाच उभा राही.

“अण्णा, मला मांजराची ॲलर्जी आहे. टोपली उचलली तेव्हापासून. ते रडू नव्हतं.”

अण्णा हळूच खुर्चीत बसले. “एकदाही नव्हतं?”

खोट्या अहवालावर सही करणे निरीक्षकाला कधी जमले नव्हते. “एकदा होतं. तुम्ही कॉलरचं सांगितलंत तेव्हा. पण माझं बाहेर काही येत नाही. म्हणून लिफ्टचं विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.”

अण्णांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. “मग ॲलर्जीचं मला का नाही सांगितलंत?”

“गेला असतात.”

“आणि उपाय काय केलात?”

निरीक्षकाने कपाटातून सगळे साहित्य आणून टेबलावर मांडले. अण्णांनी ब्रश उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हा तर यंत्राचं ग्रीस काढायचा ब्रश! माझ्या पुरवणीला?”

“नवीन आहे, अण्णा.”

“हातमोज्यांचं काय? हे वेल्डिंगचे आहेत की काय?”

“ती ओरबाडते.”

“ओरबाडेल नाही तर काय! वेल्डर घरात शिरला असंच वाटत असेल तिला.” अण्णांनी ब्रश बाजूला सारला. “उद्यापासून विंचरणं माझ्याकडे. तुम्ही सकाळी गॅलरीत पाऊल टाकायचं नाही. पण संध्याकाळी इथे बसायचं. ती तिकडे दाराशी बसेल, आपण दोघे इकडे.”

“म्हणजे बॅग आत ठेवू?” ओले हात पुसत लेकीने विचारले.

“विचारतेस काय, ठेव की. आणि तो फोन दे इकडे.”

अण्णांनी आपल्या खोलीच्या मालकाला फोन लावला. “हो, सोडतोय खोली. कायमची. छे छे, इथे काही त्रास नाही. लेक आहे, मांजर आहे…” ते थांबले. पलीकडून काहीतरी विचारले गेले असावे. त्यांनी समोर उभ्या असलेल्या निरीक्षकाकडे पाहिले आणि आवाज मुळीच खाली न आणता म्हणाले, “जावई होय? प्रकृतीने जरा नाजूक आहे. पण घेऊ सांभाळून.”