शेनबाईंची तेविसावी कॅसेट

मी एक जुना कॅसेट रेकॉर्डर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही पटकन विश्वास बसत नाही. हा काही माझा जन्मस्वभाव नव्हे. दक्षिण चीनमधल्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा मी चांगला भोळाभाबडा होतो. कुणीही बटण दाबावं आणि मी चालू लागावं! संशय घ्यायला मला शेनबाईंच्या संगतीने शिकवलं.

शेन यूलान हे त्यांचं नाव. त्यांच्या वर्तमानपत्रातल्या त्या पहिल्या बाई बातमीदार. त्याआधी तिथल्या बायकांनी पाककृती आणि विणकामाचे नमुने लिहायचे, असा रिवाज होता. शेनबाईंनी आठवडाभर पाककृती लिहिल्या आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने कोळशाच्या खाणीत उतरून आल्या. ती बातमी इतकी गाजली की पुढे त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही. मला त्यांच्या हाती देताना संपादक म्हणाले होते, "पाडू नका हं, बाई." बाईंनी मला पुराच्या पाण्यातून डोक्यावर धरून नेलं, पण एकदाही पाडलं नाही. पाडलं ते संपादकांनीच, माझ्या पोटात काय आहे ते चोरून ऐकताना. तेव्हापासून माणसांच्या बाबतीत मी ताकही फुंकून पितो.

बाईंची कामाची एक रीत होती. त्या मला कधी लपवत नसत. बोलणाऱ्याच्या मांडीवर ठेवत, बंद करायचं बटण दाखवत आणि म्हणत, "नको वाटलं की दाबा." बोलणं संपलं की केसांतल्या आकड्याने कॅसेटच्या वरच्या कडेचा इवलासा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकत. तो मोडला की त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड करता येत नाही. फक्त तेविसाव्या कॅसेटचा तुकडा त्यांनी मोडला नाही.

त्या कॅसेटवर कापड रंगवण्याच्या कारखान्यातली एक कामगार बाई बोलली होती. तिथे आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं, आत अकरा मुली होत्या, आणि किल्ली कुणाच्या खिशात होती हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. बोलायला लागताना तिने सवयीने आधी स्वतःचं नाव आणि गाव सांगितलं. शेवटी मात्र रडत म्हणाली, "माझं नाव कुणाला कळू देऊ नका, पण माझं बोलणं वाया घालवू नका."

इकडे आड, तिकडे विहीर! नाव न घालता लिहिलेली बातमी 'पुरावा काय?' म्हणून परत आली. पुरावा म्हणून कॅसेट दुसऱ्याच्या हाती द्यावी तर नाव फुटणार. नाव तेवढं पुसावं म्हणून बाईंनी कितीदा माझं रेकॉर्डिंगचं लाल बटण चाचपलं असेल! पण जिने इतकं धाडस केलं तिचं नाव पुसायला त्यांचा हात धजेना. कचेरीने कॅसेट मागितली, बाईंनी ती दिली नाही आणि नोकरी गेली. पुढे लेकीबरोबर टेक्सासमध्ये प्लेनोला आल्या, तेव्हा विमानात कॅसेटचं खोकं मांडीवरच होतं.

प्लेनोच्या घरात मी कपाटात पडून राहिलो. बाईंची लेक लिफेन कामावर गेली की दिवसभर फक्त एसीचा आवाज. बाई आता त्र्याऐंशी वर्षांच्या झाल्या आहेत. नजर मंदावली आहे, आणि सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही.

आणि मग शेजारची स्वानंदी यायला लागली. सोळा वर्षांची, आईवडील पुण्याचे, ही जन्माने इथलीच. शाळेच्या इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी तिला एका वयस्कर शेजाऱ्याची मुलाखत हवी होती. मला ती मुळीच आवडली नाही. दर शनिवारी डबा घेऊन यायची. आज शिरा, उद्या थालीपीठ. कामाशिवाय कोण कुणाला एवढं तूप वाढतं? फोनही टेबलावर पालथा ठेवायची. पालथा का?

"फोनवर नको," बाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "फोन सगळ्यांना सांगतो. माझा जुना काढ."

तिने मला कपाटातून काढलं. कॅसेट फिरवणारा माझा रबरी पट्टा सैल पडला होता. तो तिने व्हिडिओ बघून बदलला. मी म्हटलं, मस्का लावते आहे! मग तिने खोक्यातून कोरी कॅसेट शोधायला घेतली. वरची नावं चिनी अक्षरांत, तिला वाचता येईनात. एकेक घालून लाल बटण दाबून पाहिलं. दबेना. तेविसावी घातली आणि बटण दबलं. तिला वाटलं, हीच कोरी.

मित्रांनो, कोरी कसली, तिचा तुकडा तेवढा मोडलेला नव्हता! जुना पट्टा असता तर मी घसरलो असतो, अडलो असतो. पण तिने बसवलेला पट्टा चांगला घट्ट होता. डोळे मिटून बाई आपलं लहानपण सांगत होत्या आणि मी माझ्याच हाताने त्या कामगार बाईचा आवाज पुसत होतो. तीन मिनिटांनी बाई दमल्या, तेव्हा सुटलो.

ऐकायला म्हणून स्वानंदीने मला घरी नेलं. बाईंचं इंग्रजी संपलं, खट् झालं, आणि मधूनच दुसऱ्या कुणा बाईचा चिनी आवाज सुरू झाला. पोरीचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, आता ही गुपचूप कॅसेट जागेवर ठेवणार. माणसं तेच करतात.

"आई, आय मेस्ड अप," ती रडवेली होऊन म्हणाली. "ती टेप ब्लँक नव्हती. मी कोणाचं तरी बोलणं इरेज केलं."

तिची आई दीपा म्हणाली, "शेन आंटींना हल्ली काही आठवत नाही गं. उगाच त्यांना त्रास..."

"पण मला आठवतंय ना, आई!"

आणि ती मला छातीशी धरून चपला न घालताच धावत गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या संशयाची लाज वाटली.

बाईंनी सगळी कॅसेट ऐकली. शेवटी विचारलं, "सुरुवातीची तीन मिनिटं गेली?"

"हो," स्वानंदी म्हणाली.

"तिचं नाव तिथेच होतं. बाकी कुठेच नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पोरीचा हात हातात घेतला. "मला जे जमलं नाही, ते तू चुकून केलंस. आता ही कुणाच्याही हाती देता येईल, ऐकवता येईल."

"नाव काय होतं त्यांचं?" स्वानंदीने विचारलं.

बाईंचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. नाव काही येईना. इतकी वर्षं जिवापाड जपलेलं नाव! मग त्या रडल्या आणि त्यांच्याबरोबर पोरगीही रडली.

लिफेनने त्या बोलण्याचं भाषांतर केलं. इथल्या एका ग्रंथालयाने ते जपून ठेवलं, लोकांना ऐकवलं. अकरा मुलींपैकी एकीच्या बहिणीचं पत्र आलं. दार आतून का उघडलं नाही, हे तिला एवढ्या वर्षांनी कळलं होतं.

म्हणून मित्रांनो, जुनी कॅसेट कोरी समजू नका. हात लावण्याआधी विचारा. आणि चूक झालीच, तर त्या पोरीसारखे अनवाणी धावत जा.

ते नाव मला पाठ आहे. तुम्ही चांगली मुलं दिसता, तरी तुम्हाला सांगायचा नाही. पण शेनबाई अजून कधीकधी मला कानाशी धरून बसतात, वाट पाहतात. एकट्या त्यांना मी सांगितलं असतं; पण टेपवर नसलेलं मला बोलता येत नाही.