डब्यावरची गोधडी

किमयाला आठवा महिना लागला आणि शुभांगीची रजा संपली. आता आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीच्या ऑफिसात हजर राहायचं होतं. लेकीला सांभाळायला घरमालकीण रत्नाबाई आपणहून तयार झाल्या. त्यांनी स्वतःची चार आणि दिराची तीन पोरं वाढवली होती. पण शुभांगीनं बाळसंगोपनावरची तीन जाडजूड पुस्तकं वाचली होती. त्यामुळे तिनं पाळण्यासमोर कॅमेरा लावला.

नांदे गावात त्यांच्या गल्लीपर्यंत केबल काही पोचली नव्हती, म्हणून इंटरनेट हवेतून यायचं. गच्चीवरच्या खांबाला एक पांढरा चौकोनी डबा होता आणि त्याचं तोंड शेजारच्या चांदे गावातल्या टॉवरकडे. त्याच्या जोरावर ऑफिसात बसून मोबाइलवर किमया दिसणार होती. नाही दिसली तर नोकरी सोडणार, असं शुभांगीनं नवऱ्याला, निरंजनला, बजावूनच ठेवलं होतं.

"आठवडाभर तरी बघ की," तो म्हणाला.

पहिल्याच दिवशी अकरा वाजता चित्र थिजलं. पाळण्यात किमया तोंड उघडून, आणि रत्नाबाई कुठेच नाहीत. शुभांगीनं फोन लावला.

"काकू, किमया रडतेय का? आणि तुम्ही कुठे आहात?"

"गच्चीवर आलीया. आमचं मालक हायेत की पाळण्यापाशी."

"पण तिचं तोंड उघडं आहे! दहा मिनिटं झाली!"

"दहा मिन्टं? अगं, जांभई दिली आसंल पोरीनं. तुजं काम कर बाई."

तासाभरानं चित्र आलं, दुपारी पुन्हा गेलं. बुधवारी तेच. शुक्रवारी तर तीनदा. काकू मुद्दाम तर बंद करत नसतील? शुभांगीनं शंका झटकली, ती फिरून मानेवर येऊन बसली. शेवटी तिनं राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला आणि शनिवारी नेटवाला बोलावला. डबा दुरुस्त झाला नाही, तर सोमवारी मेल जाणार होता.

उरवड्याचा कैलास आला. त्यानं गच्चीवर डबा तपासला, वायर तपासली.

"मॅडम, सगळं ओके आहे. काहीच फॉल्ट नाही."

शुभांगीचा चेहरा उतरला. तिच्या मोबाइलवर खाली निरंजन पाळणा हलवताना छान दिसत होता. तेवढ्यात रत्नाबाई जिना चढून आल्या. हातात पिळलेली गोधडी. सवयीनं त्यांनी ती डब्यावर पांघरली. मोबाइलवरचा निरंजन हात वर करून थिजला.

"मावशी! हे काय करताय?" कैलास ओरडला.

"वाळत घालतीया. पोरगी मुतली की लगोलग धुती न् हितं टाकती. कठड्याला गंज हाय, डाग पडत्यात. आन् ह्या डब्याला बी दिवसभर ऊन लागतंय, तेवढीच सावली."

"अवो, ओल्या कापडातनं नेट येत न्हाई! पाणी अडवतं त्याला."

रत्नाबाईंनी चांद्याच्या टॉवरकडे बघितलं.

"येवढा उंच बांदलाय, आन् पोरीच्या मुताला घाबरतुया व्हय?"

कैलास हसत हसत कठड्यावर टेकला. शुभांगी मात्र बोटं मोजत होती. सोमवारी दोनदा, बुधवारी दोनदा, शुक्रवारी तीनदा. दर वेळी लगोलग कोरडी गोधडी. पुस्तकातही एवढी तत्परता लिहिलेली नव्हती. तिनं मेल पुसून टाकला.

सोमवारपासून गोधडी गोठ्याच्या दोरीवर गेली. ऑफिसात मीटिंगांच्या मधे जेव्हा डोकावावं, तेव्हा किमया लख्ख दिसे. अकरा वाजले, एक वाजला. दोन वाजता शुभांगीला राहवेना.

"काकू, किमयाला बरं आहे ना? सकाळपासून चित्र एकदाही गेलं नाही."

 पलीकडे रत्नाबाई इतक्या हसल्या की फोन त्यांच्या मालकांनी, भिवाजींनी, धरला आणि त्यांनाही बोलता येईना.

"दोनदा मुतली गं माजी बाय," रत्नाबाई अखेर म्हणाल्या. "आता तुज्यासाटी गोधडी परत डब्यावर टाकू का?"

शुभांगीनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज बारीक केला.

"टाका ना, काकू. पाचच मिनिटं."