कोबीची पानं

तंबूच्या दाराच्या चेनला चामड्याचा इवलासा गोंडा होता. नम्रताने तो धरून खाली ओढला आणि त्या सर्र आवाजासरशी तिला पान्हा फुटला — घरी गाऊनची चेन अशीच वाजते, मग प्रज्ञेश असेल तिथून, डबे-झाकणांचा पसारा टाकून, दुडदुडत येतो... इथे कोणी आलं नाही. समोर नुसता माळ, पिवळा, वाऱ्याबरोबर कुशी बदलणारा, आणि पुणं दोन तास मागे, लोणी काळभोरच्याही पलीकडे कुठेतरी राहिलेलं.

दीड वर्षाच्या पोराचं अंगावरचं दूध तोडायचं तर आईने दोन रात्री घरात असू नये, हा सासूबाईंचा सल्ला. त्यांच्या मनात माहेर होतं. पण नम्रताचं माहेर वर्ध्याला, रात्रभराची गाडी, आणि सोमवारपासून हिंजवडीला रोज हजेरी. म्हणून नवऱ्याने, चेतनने, हा कँप शोधला — सहाच तंबू, पण आत पितळी नळ, कमानीचा आरसा, ढगासारखी गादी. लोक इथे लांडगे बघायला येतात, मी दूध आटवायला आलेय... सकाळी चहा घेताना तिला याचं हसू आलं होतं. आता येत नव्हतं. एक रात्र सरली होती, एक उरली होती, आणि छातीचा दगड झाला होता. पिळायचं नाही, सासूबाईंनी बजावलं होतं. पिळलंस की परत येतं. कोबीची पानं ठेव, गार वाटेल.

तिने स्वयंपाकघरात कोबीची पानं मागितली. कशाला, ते सांगायची लाज वाटली. दहा मिनिटांत काचेच्या वाडग्यातून बारीक चिरलेली कोबी आली, वर भाजलेले तीळ, कडेला लिंबाची फोड. चेतन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला, आणि ती खाल्लीही त्यानेच. मग थोड्या वेळाने तिथे भाकरी करणाऱ्या मुक्ताई आल्या, पदराआड अख्खी पानं घेऊन.

"लेकरू घरी हाय व्हय?"

नम्रताने मान डोलावली.

"मग तसं सांगायचं. शेफला काय कळतंय, त्यानं सॅलड केलं."

दुपारी तिने घरी फोन लावला. रडण्याची, हट्टाची, सगळ्याची तयारी तिने मनात केली होती; नुसता हुंदका ऐकू आला असता तरी बॅग भरून निघायचं, हेही ठरलं होतं.

"मागितलंच नाही गं त्यानं," सासूबाई म्हणाल्या. "वरणभात खाल्लान् आणि झोपला. तू निवांत राहा."

जमलं की गं, असं चेतन म्हणाला, मायेनेच. हो, म्हणून ती न्हाणीघरात गेली. आरशासमोर उभी राहिली, हात छातीवर. दोन मिनिटं दाबलं की सगळं होतं तसं सुरू राहील, कुणाला कळणारही नाही... पण मागितलंच नाही म्हणे. एकदाही? झोपेत तरी ओठ हलवले असतील... हात तसाच राहिला. मग तिने तो खाली घेतला, का ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

संध्याकाळी जीप माळावर थांबली. लांडगा नव्हताच, गवतातून फक्त एका खोकडाचे दोन कान वर आलेले, एक इकडे, एक तिकडे वळणारा. चेतनने दुर्बीण तिच्या हातात दिली. ती बघत राहिली... दुर्बीण परत देताना तिच्या ध्यानात आलं की एवढ्या वेळात प्रज्ञेशची आठवण झाली नव्हती. ती धसकली. आता आतून काहीतरी डसेल म्हणून श्वास धरून वाट बघत बसली. डसलं नाही. छाती ठणकतच होती, पण तो ठणका फक्त तिचा, तिच्या एकटीचा वाटत होता — आणि हे बरं की वाईट, तिला ठरवता येईना.

"दे ना परत," ती म्हणाली.

"काय दिसलं?" चेतनने दुर्बीण देत विचारलं.

"अजून काही नाही," ती म्हणाली, आणि दुर्बिणीला डोळे लावून बसली.